शिधापत्रिका घेऊन बाजारास जाताना

आपल्याकडे शिधावाटपाचे दुकान आणि आठवड्याचा बाजार या दोन संस्था एकमेकींच्या वाटेस सहसा जात नाहीत. शिधापत्रिका दाखवावयाची ती गहू-तांदळासाठी, रास्त भावाच्या दुकानदारापुढे. आणि कोथिंबिरीची जुडी, वांगी, मिरच्या घ्यावयाच्या त्या रोकड मोजून, पाल मांडून बसलेल्या बाईकडून. एकीचा व्यवहार सरकारी दप्तरातला, दुसरीचा कनवटीचा. या दोहोंची गाठ घालून शिधापत्रिकाच बाजारात चालावी, आणि शिवाय भाजीपाल्यासाठी मोडलेल्या डॉलरमागे आणखी एक डॉलर पदरात पडावा, अशी व्यवस्था अमेरिकेतील अनेक शहरांत आज रूढ झालेली आहे. परंतु तिचा लाभ घेण्यास जे सर्वथा पात्र आहेत त्यांपैकी पुष्कळांना, आणि त्यांत तेथे स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबेही आली, तिची नीटशी माहिती नसते.

गेल्या वर्षी जूनच्या आरंभी पूर्व किनाऱ्यावरील एका लहान शहराच्या शनिवारच्या बाजारात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. आपल्याकडचे एक वृद्ध गृहस्थ, खांद्यास कापडी पिशवी अडकवून, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या टेबलापुढे उभे होते. नातवासाठी दोन टोपल्या निवडून झाल्यावर त्यांनी खिशातून अन्नसाहाय्याचे कार्ड काढून शेतकऱ्यापुढे धरले. शेतकऱ्याने मान हलविली, हसून दोन शब्द बोलला आणि बाजाराच्या पलीकडील टोकाकडे बोट केले. गृहस्थांचा चेहरा उतरला. टोपल्या जेथून उचलल्या तेथे ठेवून, कोणी पाहिले तर नाही ना अशा नजरेने इकडेतिकडे पाहत ते निघून गेले. वस्तुतः शेतकऱ्याने नकार दिलाच नव्हता; 'आधी त्या तंबूकडे जाऊन या', एवढेच तो सांगत होता. मला असे वाटते, की ज्याला आपण गरिबीचा संकोच म्हणतो त्याचा निम्म्याहून अधिक भाग हा रिवाज ठाऊक नसल्याचा संकोच असतो, आणि तो घालविण्यास धीराच्या चार शब्दांपेक्षा शिरस्त्याची चार वाक्ये अधिक उपयोगी पडतात. तेव्हा त्या बोटाच्या रोखाने काय आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

ज्या साहाय्यास आज 'स्नॅप' या संक्षिप्त नावाने ओळखतात, ते 2008 पर्यंत 'फूड स्टॅम्प' या नावाने प्रसिद्ध होते, आणि त्याचे मूळ 1939 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरी सुरू झालेल्या एका योजनेत आहे. मंदीच्या त्या दिवसांत एकीकडे शेतमालास गिऱ्हाईक नव्हते आणि दुसरीकडे शहरांतून लोक अर्धपोटी निजत होते. तेव्हा अशी तजवीज करण्यात आली, की गरजू इसमाने एक डॉलर भरून नारिंगी तिकिटे विकत घ्यावी, आणि त्यावर त्यास अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे फुकट मिळावी. नारिंगी तिकिटांवर हवे ते अन्न घ्यावे, निळ्यांवर मात्र सरकारने 'शिल्लक' म्हणून जाहीर केलेलाच माल. निळे तिकीट म्हणजे भुकेल्याचे ताट आणि शेतकऱ्याची न खपलेली रास यांच्यामधील पूल होता. ही योजना 1943 मध्ये थांबली, पुढे 1964 च्या कायद्याने तिला कायमचे रूप आले. परंतु साहाय्य घेणारा जितका लाभार्थी तितकाच माल विकणाराही लाभार्थी, हे तिचे मूळ सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. कार्ड घेऊन बाजारात जाणारा मनुष्य कोणापुढे हात पसरत नसतो. तो त्या शेतकऱ्याचे गिऱ्हाईक असतो.

मग शेतकऱ्याने मान का हलविली? याचे कारण यंत्रात आहे. जोपर्यंत साहाय्य कागदी कुपनांच्या रूपाने मिळत होते, तोपर्यंत ते कोणाही अधिकृत विक्रेत्याच्या हातावर ठेवता येत असे. पुढे कुपनांच्या जागी ईबीटी नावाचे प्लॅस्टिकचे कार्ड आले, आणि 2004 पर्यंत ते देशभर सर्वत्र झाले. कार्डाने गैरव्यवहारास आळा बसला, रांगेतील गिऱ्हाइकाची लाजही थोडी राखली गेली. परंतु कार्डास यंत्र लागते, यंत्रास वीज आणि दूरध्वनीची तार लागते, आणि उघड्या मैदानात पहाटे ट्रक उभा करून भाजी मांडणाऱ्या शेतकऱ्यापाशी त्या काळी यांपैकी काहीच नव्हते. यावर बाजारांनी जो तोडगा काढला तो अत्यंत साधा आहे: प्रत्येक शेतकऱ्याने यंत्र बाळगण्याऐवजी साऱ्या बाजारात मिळून एकच यंत्र ठेवावे, आणि त्यावर कार्डातील रक्कम वळती करून तिच्या मोबदल्यात लाकडी चकत्या द्याव्या. आता बिनतारी यंत्रे आली असल्यामुळे काही शेतकरी कार्ड स्वतःच घेतात. परंतु चकत्यांचा शिरस्ता अद्याप मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

तेव्हा पहिला नियम हा, की बाजारात शिरल्यावर प्रथम व्यवस्थापकांचा तंबू शोधावा. तो बहुधा प्रवेशाशी किंवा मध्यभागी असतो, आणि 'ईबीटी' किंवा 'स्नॅप' ही अक्षरे लिहिलेली पाटी तेथे टांगलेली असते. तेथील माणसास आपणांस किती डॉलर हवेत ते सांगावे. तो कार्ड यंत्रातून सरकवील, आपण चार आकडी गुप्त क्रमांक स्वतःच्या हाताने दाबावा, आणि तितक्या रकमेच्या चकत्या व पावती घ्यावी. पावतीवर कार्डातील उरलेली शिल्लक छापलेली असते. ती पिशवीच्या तळाशी चुरगळू न देता पाकिटात ठेवावी. या साऱ्यास दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि इंग्रजी फारसे येत नसले तरी कार्ड दाखवून बोटांवर आकडा सांगितला म्हणजे काम भागते.

किती रकमेच्या चकत्या घ्याव्या, हे मात्र तंबूपाशी उभे राहून ठरवू नये. चकतीवर सुटे पैसे परत मिळत नाहीत, हा कायद्याचा नियम आहे. एक डॉलरची चकती देऊन साठ सेंटची वस्तू घेतली, तर उरलेल्या चाळिसांवर पाणी सोडावे लागते. म्हणून हात मागे बांधून बाजारास एक प्रदक्षिणा घालावी, भाव पाहावे, मनाशी बेरीज करावी आणि मग तंबूकडे वळावे. बेरीज पुऱ्या डॉलरात बसत नसेल, तर शेतकऱ्यास एक कांदा किंवा मूठभर मिरच्या वर घालावयास सांगावे. रक्कम पुरी करून देण्याची ही रीत तेथील विक्रेत्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. या चकत्या बहुधा त्याच बाजारात चालतात, दुसऱ्या गावी नाहीत. वापरून उरल्या तर पुढील आठवड्यास चालतील काय, की त्याच दिवशी तंबूत परत करून रक्कम कार्डात जमा करता येईल, हे घेतानाच विचारून ठेवावे.

आता दुसरी चकती. आणि जी गोष्ट सांगण्यासाठी लेखणी हाती घेतली ती हीच आहे. अनेक बाजारांत साहाय्याच्या रकमेइतकीच आणखी रक्कम केवळ फळे व भाज्या यांसाठी देण्यात येते: आपण दहा डॉलर कार्डातून काढावे, आणि हाती वीस डॉलरांचा माल यावा. न्यूयॉर्क शहराने 2005 मध्ये 'हेल्थ बक्स' या नावाने कागदी कूपने देण्यास आरंभ केला. 2009 मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांतून 'डबल अप फूड बक्स' निघाले आणि पुढे अनेक राज्यांत पसरले. कॅलिफोर्नियात याच तऱ्हेची योजना 'मार्केट मॅच' या नावाने चालते. मॅसॅच्युसेट्सने 2017 पासून निराळी पद्धत स्वीकारली आहे: तेथे योजनेत सामील असलेल्या शेतकऱ्याकडून कार्डावर भाजी घेतली, की ठरावीक मासिक मर्यादेपर्यंत तितकीच रक्कम कार्डात आपोआप परत जमा होते, चकतीची भानगडच नाही. नावे भिन्न, रंग भिन्न, दैनिक मर्यादाही भिन्न. परंतु विचारावयाचा प्रश्न सर्वत्र एकच: 'माझ्या रकमेस येथे जोड मिळते काय, आणि कितीपर्यंत?' काही ठिकाणी हा प्रश्न न विचारताच जोड हाती पडते, काही ठिकाणी विचारल्यावर. म्हणून विचारणे शहाणपणाचे.

या जोडरकमेस केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य 2014 च्या कृषी कायद्याने मिळू लागले, आणि 2018 मध्ये त्या योजनेस गस शूमाकर यांचे नाव देण्यात आले. हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्सच्या शेतकरी कुटुंबातले. पुढे ते त्या राज्याचे कृषी आयुक्त आणि नंतर केंद्रीय कृषी खात्यात उच्चाधिकारी झाले. 1980 साली बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागातील बाजारात, दिवस संपल्यावर ट्रक भरताना त्यांच्या हातची नासपतीची पेटी फुटली आणि फळे गटारीकडे घरंगळली. तेव्हा एक बाई आपल्या मुलांसह ती वेचू लागली. विचारता तिने सांगितले, की सरकारी साहाय्य आपणास मिळते, परंतु त्यात ताजी फळे परवडत नाहीत. वेचलेल्या त्या नासपती शूमाकरांच्या मनातून पुढे कधी गेल्या नाहीत, असे ते सांगत. रोचेस्टरच्या निळ्या तिकिटाचा पूल आज जोडचकतीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे, तो अशा एका फुटक्या पेटीपाशी.

दोन तऱ्हेच्या चकत्या खिशात आल्या, की कोणती कोठे चालते याचा हिशेब नीट ठेवावा. साहाय्याच्या मूळ चकतीवर माणसाच्या खाण्याचे बहुतेक सर्व जिन्नस घेता येतात: भाज्या, फळे, अंडी, दूध, चीज, मांस, मासळी, पाव, मध. तयार गरम पदार्थ, मद्य, साबण, मेणबत्त्या आणि फुले यांवर ती चालत नाही; ऑक्टोबरात दारापुढे मांडावयाचे शोभेचे भोपळे अग्राह्य, आणि शिजवून खावयाचा भोपळा ग्राह्य, इतका बारकावा नियमांत आहे. 2026 पासून काही राज्यांनी गोड पेये व मिठाई यांस मज्जाव केला आहे, परंतु भाजीबाजारातल्या गिऱ्हाइकास त्याची झळ फारशी लागणार नाही. जोडचकतीचे क्षेत्र याहून संकुचित: फळे आणि भाज्या, बस्स. म्हणून अंडी आणि पाव मूळ चकतीवर घ्यावे, भाजीस प्रथम जोडचकती द्यावी. उलट केले तर अंड्यांपाशी येऊन हात रिकामा राहतो. जोडचकतीस काही ठिकाणी मुदत असते, तीही पाहून घ्यावी.

याखेरीज तिसऱ्या प्रकारचे एक साधन आहे, ते म्हणजे हंगामी कूपने. गर्भवती स्त्रिया, नुकत्याच बाळंत झालेल्या माता आणि पाच वर्षांखालील मुले यांसाठी 'विक' नावाची जी पोषणयोजना आहे तिच्यातर्फे, तसेच साठी ओलांडलेल्या अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी निराळ्या योजनेतर्फे, दर उन्हाळ्यात शेतकरी बाजाराची कूपने किंवा कार्डे वाटण्यात येतात. वृद्धांची वार्षिक रक्कम राज्याराज्यांत वेगवेगळी असते. ही कूपने तंबूत नेऊ नयेत. ती ज्या शेतकऱ्याकडे योजनेची पाटी असेल त्याच्याच हाती द्यावयाची असतात, आणि त्यांवर केवळ स्थानिक ताजी फळे, भाज्या व औषधी-सुगंधी पाला मिळतो. वृद्धांच्या कुपनांवर मधही. कूपने प्रथम येणाऱ्यास प्रथम या न्यायाने अनेक ठिकाणी जूनमध्येच संपतात, म्हणून मे महिन्यातच आपल्या भागातील ज्येष्ठ नागरिक केंद्रात चौकशी करावी.

पात्रतेचा विषय मोठा आहे. येथे त्याचे दिग्दर्शन करून पुढे जातो. स्नॅपच्या दृष्टीने 'कुटुंब' म्हणजे एकत्र अन्न विकत घेऊन एकत्र शिजविणारी माणसे. आपल्या भाषेत, एका चुलीची माणसे. तेव्हा मुलाच्या घरी, त्याच्याच चुलीवर जेवणाऱ्या आईवडिलांचा अर्ज निराळा धरला जाईलच असे नाही. नोकरीच्या, विद्यार्थ्याच्या किंवा पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्यांस हे साहाय्य नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढांस सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, अठराखालील मुलांस ही अट नाही. ज्याने हमीपत्र देऊन आईवडिलांस आणले त्या मुलाचे उत्पन्नही हिशेबात धरण्याचा नियम आहे. 2025 च्या जुलैतील कायद्याने नागरिक नसलेल्यांपैकी पात्र वर्ग आणखी आकुंचित केला. उलट, अमेरिकेत जन्मलेले मूल तेथील नागरिक असते, आणि पालक स्वतः अपात्र असले तरी त्या मुलापुरता अर्ज करता येतो. असे साहाय्य घेतल्याने पुढे वास्तव्याच्या परवान्यास बाध येईल काय, यासंबंधीचे नियम 2019 पासून एकाहून अधिक वेळा फिरले आहेत. ज्यांचा असा अर्ज प्रलंबित आहे त्यांनी आधी जाणत्या वकिलास विचारावे, शेजाऱ्यास नव्हे. अर्ज कोठे करावा हे ठाऊक नसेल, तर दूरध्वनीवर 211 हा क्रमांक फिरवावा. स्थानिक साहाय्याची माहिती तेथे विनामूल्य मिळते.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू, कारण मराठी स्वयंपाकघरास हा बाजार वाटतो तितका परका नाही. मोठ्या दुकानात शेपू मिळतो तो माशावर भुरभुरण्यापुरता, प्लॅस्टिकच्या डबीत चार काड्या. शेतकऱ्याकडे त्याची ओंजळभर जुडी असते, मुगाची डाळ घालून भाजी करावी अशी. हिरव्या, जांभळ्या सालीचा नवलकोल जूनमध्ये टेबलोटेबली दिसतो. आंबट पाल्याच्या ज्या जुड्या 'सॉरेल' म्हणून मांडलेल्या असतात, तो आपल्या चुक्याचाच भाऊबंद, आणि डाळीत घातला असता घरच्यांना फरक सांगता येत नाही. मेक्सिकन शेतकरी ज्यास 'वेर्दोलागास' म्हणतात, ती पानांत रस धरणारी, लालसर देठाची भाजी म्हणजे आपली घोळ. मिनेसोटातील सेंट पॉल आणि कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या भागांत लाओसहून आलेले ह्मोंग शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या टेबलावर कारली, हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगा आणि तिखट मिरच्या हटकून असतात. बीट किंवा मुळा घेताना शेतकरी त्याचा पाला मोडून टाकू लागला, तर त्याचा हात धरावा: त्या पाल्याची पीठ पेरून एक वेळची भाजी होते, आणि तिला चकती लागत नाही. बाजार उठण्याच्या सुमारास डागी टोमॅटो व मऊ पडलेली पीचे स्वस्तात निघतात; सार आणि मुरंबा यांस डागाचे वावडे नसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये, तंबूतील माणसासही नाही. कार्डाची नक्कल करून रक्कम लांबविण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत, आणि अशा चोरीची भरपाई केंद्राच्या पैशातून करून देण्याची मुभा 20 डिसेंबर 2024 नंतर उरलेली नाही; म्हणून क्रमांक मधूनमधून बदलावा आणि शिल्लक तपासावी. तसेच नऊ महिने कार्डास हातच लावला नाही, तर त्यातील जुनी रक्कम सरकारजमा होते. बचत म्हणून ती राखून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट हक्काची. चकती देणाऱ्यास रोकड देणाऱ्याहून अधिक भाव सांगण्याची किंवा निराळ्या रांगेत उभे करण्याची परवानगी कोणाही विक्रेत्यास नाही, आणि या खरेदीवर विक्रीकरही लागत नाही. तसे कोणी केले, तर वाद न घालता तंबूत जाऊन व्यवस्थापकांस सांगावे.

एक शेवटचा नियम, तो मला सर्वांत आवडतो. ज्या रोपास किंवा बियाण्यास पुढे खाण्याजोगे फळ धरेल, ते आजच अन्न मानावे, असे या योजनेत 1973 च्या सुधारणेपासून आहे. स्ट्रॉबेरी परत ठेवून गेलेल्या त्या गृहस्थांना ओळखणारे कोणी आमच्या ओळखीचे निघाले, आणि पुढील शनिवारी ते तंबूपाशी उभे असलेले दिसले: दहा डॉलरांच्या मूळ चकत्या उजव्या खिशात, दहांच्या जोडचकत्या डाव्यात, अशी त्यांनी वाटणी केली होती. शेपूच्या दोन जुड्या, दोन नवलकोल आणि नातवाची स्ट्रॉबेरी डाव्या खिशातून झाली, अंडी उजव्यातून. उजव्या खिशात शेवटी तीन चकत्या उरल्या, त्या त्यांनी एका टेबलावर ओळीने मांडल्या आणि मिरचीचे एक रोप उचलले. शेतकऱ्याने चकत्या न मोजताच गल्ल्यात टाकल्या, आणि रोपास रोज किती पाणी घालावे ते सांगू लागला. गृहस्थ मान डोलावत होते, परंतु मिरचीस पाणी किती लागते हे त्यांना त्याच्याहून अधिक ठाऊक होते.